गहू ज्यांना सोसत नाही

ख्रिस्ती श्रद्धाजीवनात गव्हाच्या दाण्याला जे स्थान लाभले आहे, ते दुसऱ्या कोणत्याही धान्याला लाभलेले नाही. मातीत पडून मरणारा आणि मग पुष्कळ फळ देणारा दाणा, पिकातले निदण, वेदीवरची भाकर या साऱ्यांतून गहू आपल्या परिचयाचा आहे. अशा धान्याचा एक घास एखाद्या बालकाच्या शरीराला अपाय करू शकतो, हे प्रथम ऐकणाऱ्याला पटत नाही. वैद्यकशास्त्रालाही ते पटायला अठराशेहून अधिक वर्षे लागली. सिलिअॅक नावाच्या या आजाराचा इतिहास रुग्णालयांतून सुरू होतो आणि आपल्या वेदीपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून तो धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळताना तिला जो चिवट ताण येतो, तो या प्रथिनामुळे. ज्या व्यक्तीच्या प्रकृतीत तशी आनुवंशिक ठेवण असते, तिच्यापैकी काहींच्या शरीरातील संरक्षक यंत्रणा ग्लूटेन पोटात जाताच स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतील बाजूस अन्नरस शोषून घेणारी मखमलीसारखी सूक्ष्म लव असते, ती झिजून सपाट होते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब, फुगलेले पोट, खुंटलेली वाढ, हटता न हटणारा रक्तक्षय, ठिसूळ हाडे अशा अनेक रूपांनी हा आजार प्रकट होतो. त्यावर गोळी नाही. आयुष्यभर ग्लूटेन वर्ज्य करणे, हाच एक उपाय.

इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत होऊन गेलेल्या कॅपाडोशियाच्या अरिटिअस या ग्रीक वैद्याने अशा रुग्णांचे वर्णन करून ठेवले आहे. पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने आजाराला दिलेले नाव आजही टिकून आहे. त्यानंतर थेट १८८८ साली लंडनचे डॉ. सॅम्युअल गी यांनी या आजारावरचा आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. रुग्ण बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. परंतु कोणत्या आहाराने, हे मात्र त्यांच्या हाती लागले नाही. त्यांनी भात निषिद्ध ठरवला आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी भाजलेल्या पावाला मुभा दिली! एका मुलाला रोज हॉलंडमधील उत्तम शिंपल्या खाऊ घातल्या, तेव्हा तो चांगला सुधारला. हंगाम संपताच पुन्हा खालावला. पुढच्या हंगामात मात्र त्या मुलाने शिंपल्यांना तोंड लावायचे नाकारले, असेही गी यांनी नमूद केले आहे.

१९२४ साली न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. पाव, बटाटे आणि सारी तृणधान्ये बंद करून त्यांनी मुलांना भरपूर केळी दिली आणि मुले सुधारली. श्रेय केळ्यांना मिळाले. वास्तविक काम केले होते ते ताटातून उठून गेलेल्या पावाने. उपाय सापडला होता, कारण सापडायचे होते.

ते कारण शोधण्याचा मान हॉलंडमधील डॉ. विलेम कारेल डिक यांच्याकडे जातो. १९०५ साली जन्मलेले डिक वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी हेग शहरातील युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. एका तरुण आईने त्यांना सांगितले, की आहारातून पाव काढला की तिच्या मुलाची तब्येत झपाट्याने सुधारते. पावाविना जेवण ही कल्पनाच युरोपीय मनाला परकी. एखाद्याने हे बोलणे आईची भाबडी समजूत म्हणून सोडून दिले असते. डिक यांनी ते मनावर घेतले. गव्हाविना आहाराचे प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षे चालवले आणि १९४१ साली त्याविषयीचा पहिला लेख डच वैद्यकीय नियतकालिकात लिहिला.

पुढे दुसऱ्या महायुद्धातील १९४४-४५ चा तो भीषण हिवाळा आला. रेल्वे कामगारांच्या संपाचा सूड म्हणून जर्मन सत्तेने पश्चिम हॉलंडकडे जाणारे अन्न अडवून धरले. लोकांनी ट्युलिपचे कंद आणि साखरेचे बीट उकडून खाल्ले. सुमारे वीस हजार माणसे त्या उपासमारीत दगावली. या काळात पाव दुर्मीळ झाला आणि सिलिअॅकची मुले मात्र सुधारली. पाव परतला तसा त्यांचा आजारही परतला, अशी हकीकत वैद्यकाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. ती ऐकून दुष्काळानेच हा शोध लावला, असा समज होतो. तो बरोबर नाही. १९४१ चा लेख त्या हिवाळ्याच्या आधीचा आहे. डिक यांच्या मनात संशय पक्का झालेलाच होता. हिवाळ्याने त्याला बळ दिले इतकेच. एका आईचे ऐकून घेणे आणि मग वजनाचे आकडे चिकाटीने मांडत राहणे, यातून हा शोध लागला.

१९५० साली युट्रेख्ट विद्यापीठात डिक यांनी आपला प्रबंध सादर केला. त्यानंतर व्हायर्स आणि व्हॅन डी कामर या सहकाऱ्यांसह त्यांनी दाखवून दिले, की गव्हातील पिष्ट निरुपद्रवी असते, अपाय होतो तो प्रथिनाने. पुढे १९५० च्या दशकात आतड्याचा सूक्ष्म तुकडा तपासण्याची सोय झाली आणि झिजलेली लव डोळ्यांना दिसू लागली. १९६२ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी डिक यांचे निधन झाले.

येथून ही कथा वेदीकडे वळते. मिस्साबलिदानाची भाकर गव्हाचीच असावी, ही ख्रिस्तसभेची प्राचीन परंपरा. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने भाकर खमिराची असो वा बिनखमिराची, ती गव्हाची असावी, असे म्हटले. आणि १९८३ च्या धर्मसंहितेतील ९२४ वा नियमही तेच सांगतो. मग ज्याला गहूच सोसत नाही, त्या भाविकाने काय करावे? प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी पांढऱ्या पोशाखात रांगेत उभ्या असलेल्या मुलाच्या आईला हा प्रश्न केवळ शास्त्रार्थाचा वाटत नाही.

१९८२ साली श्रद्धा-सिद्धान्तविषयक मंडळाने ग्लूटेन पूर्णपणे काढलेली भाकर मान्य होणार नाही असे ठरवले. मात्र अशा भाविकांना केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देण्यास बिशप अनुमती देऊ शकतात, असेही सांगितले. १९९५ साली मंडळाचे प्रमुख कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर यांनी अत्यल्प ग्लूटेनची भाकर ग्राह्य असल्याचे कळवले. त्याच पत्रात सिलिअॅक असलेल्या उमेदवारांना गुरुदीक्षा देऊ नये, असेही म्हटले होते. बोलावणे आले, पण आतडे आड आले, अशी ही वेदना होती. २००३ च्या पत्रात हा निर्बंध सौम्य झाला आणि अशा उमेदवारांच्या बाबतीत मोठी सावधगिरी बाळगावी, अशी भाषा आली. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांच्या सूचनेवरून कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी काढलेल्या परिपत्रकात, ग्लूटेनविरहित भाकर अग्राह्य आणि अल्प ग्लूटेनची ग्राह्य, हाच नियम पुन्हा सांगितला गेला.

नियम झाला, पण तशी भाकर करायची कशी? ग्लूटेन काढले की पीठ एकसंध राहत नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यातील क्लाइड येथील बेनेडिक्टाइन धर्मभगिनींनी कित्येक वर्षे प्रयोग करून गव्हाचे पिष्ट आणि पाणी यांपासून भाकर तयार केली. तिच्यातील ग्लूटेनचे प्रमाण शेकडा ०.०१ इतके अल्प आहे. पिष्ट निरुपद्रवी आहे, हे डच डॉक्टरांनी प्रयोगशाळेत सिद्ध केलेले सत्य अशा रीतीने मठाच्या स्वयंपाकघरातून वेदीवर आले. ज्यांना तेवढेही सोसत नाही, त्यांच्यासाठी द्राक्षारसाचा मार्ग मोकळा आहे. दोहोंपैकी कोणत्याही एका रूपात संपूर्ण ख्रिस्त उपस्थित असतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण असल्यामुळे केवळ प्याला घेणाऱ्याला काहीही कमी मिळत नाही.

हा आजार परदेशचा म्हणून आपण निश्चिंत राहू नये. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या आजाराची निदर्शक प्रतिपिंडे उत्तर भारतात शेकडा १.२३, ईशान्येकडे ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० लोकांच्या रक्तात आढळली. जेथे गहू अधिक खाल्ला जातो, तेथे आजार अधिक दिसतो. आपल्या किनारपट्टीचे मूळ अन्न तांदूळ. पाव पोर्तुगीजांबरोबर आला आणि त्याचे नावही त्यांच्याच भाषेतले. आता मात्र पोळी, पाव, बिस्किटे आणि केक घरोघरी रोजचे झाले आहेत. मुलाची वाढ खुंटली असेल, रक्तक्षय हटत नसेल, तर डॉक्टरांना या आजाराविषयी विचारावे. परंतु तपासणीपूर्वी स्वतःच गहू बंद करू नये, कारण मग तपासणीत दोष सापडत नाही.

पथ्याच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. प्रार्थनेत आपण जी रोजची भाकर मागतो, ती आपल्या घरात तांदळाची, ज्वारीची, बाजरीची किंवा नाचणीची असते आणि यांपैकी एकाही धान्यात ग्लूटेन नाही. धोका असतो तो नकळत येणाऱ्या गव्हाचा. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो. गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी निर्धोक राहत नाही. रवा, शेवया, सातूचे पीठ, नाताळच्या करंज्या हे सारे वर्ज्य.

धर्मग्रामानेही आपला वाटा उचलावा. कुटुंबाने फादरांना आधी कल्पना द्यावी. अल्प ग्लूटेनची भाकर वेगळ्या झाकणाच्या पात्रात ठेवावी. इतर भाकरींना लागलेल्या हाताने ती देऊ नये. केवळ द्राक्षारस घेणाऱ्यासाठी स्वतंत्र प्याला असावा, कारण मुख्य प्याल्यात भाकरीचा तुकडा मिसळलेला असतो. आणि सणाच्या पंगतीत त्या मुलाच्या ताटात काय वाढता येईल, हे त्याच्या आईला आधीच विचारावे. हेगच्या त्या रुग्णालयात शोधाची सुरुवात झाली, तीही एका आईचे म्हणणे ऐकून घेण्यापासूनच.