खेळांची संग्रहालयीन मांडणी
खेळांच्या साधनांचे जतन करून ती लोकांपुढे मांडण्याची पद्धत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दि. गं. केळकर (१८९६–१९९०) यांनी जमविलेल्या नित्योपयोगी वस्तूंत जुन्या बैठ्या खेळांची साधनेही आहेत. व्हिडिओ खेळांचा इतिहास सांगणारे ‘गेम ऑन’ हे प्रदर्शन लंडनच्या बार्बिकन केंद्रात २००२ मध्ये भरले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये असे १४ खेळ संग्रहात घेतले. दोन्ही प्रकारांत अडचण एकच : साधन टिकले, तरी खेळ टिकतोच असे नाही. दशावतारी गंजिफांची १२० पाने नियम जाणणाऱ्याअभावी केवळ चित्रे ठरतात. व्हिडिओ खेळ तर यंत्र वा आज्ञावली बंद पडताच दिसेनासा होतो. म्हणून साधनांबरोबरच खेळण्याच्या रीतीची नोंद ठेवणे अगत्याचे ठरते.