शिवार हीच शाळा

बेंगळुरूच्या मुलांना शेत दाखवायचे, तर आज शहराबाहेर दूर जावे लागते. सव्वाशे वर्षांपूर्वी ते हेब्बाळलाच होते. म्हैसूरच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी दिलेल्या ३० एकरांवर १८९९ मध्ये तेथे प्रायोगिक शेती सुरू झाली; १९१३ मध्ये कृषिशाळा निघाली, तर १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. शेतात उभे राहून शिकणे या नगरीस नवे नाही.

या परंपरेला वेगळे वळण दिले दोड्डबळ्ळापूरजवळचे शेतकरी एल. नारायण रेड्डी यांनी. प्रारंभी तेही रासायनिक खते वापरीत. पीक भरघोस येई, पण खर्च वजा जाता हाती काही उरेना. पुढे जपानच्या मासानोबू फुकुओका यांच्या विचारांनी त्यांना नैसर्गिक शेतीची वाट दाखवली. बांधावर झाडे आणि जमिनीवर पालापाचोळ्याचे आच्छादन असले, की पाखरांना, बेडकांना आसरा मिळतो. कोतवाल दिवसा अळ्या टिपतो, घुबड रात्री उंदीर पकडते. विष फवारले, की ही राखण मोडते. २०१९ मध्ये निधन होईपर्यंत रेड्डी येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या शेतातच हे शिकवीत राहिले.

आपल्या शाळेतील कित्येक मुलांनी भाताची लोंबी हातात घेतलेली नाही. एका दिवसाच्या सहलीने ही उणीव भरून निघणार नाही. पेरणीपासून मळणीपर्यंत एक हंगाम पाहावा लागेल. ज्या माजी विद्यार्थ्यांची शेती अजून टिकून आहे, त्यांनी बांधाचा एक कोपरा या मुलांसाठी राखावा. हीरक महोत्सवी वर्षात शाळेचे एवढेच मागणे आहे.