बालकाचा हट्ट आणि त्याचीं इंद्रियें

दोन-अडीच वर्षांचें मूल नवें झबलें अंगांत घालतांच किंचाळतें, नखें काढतांना हिसके देतें, मऊ भाताचा घांस ओठांस लागतांच ओकारी काढतें. अशा मुलास हट्टी म्हणावें आणि आईस बोल लावावा, ही रीत जुनी आहे. शास्त्रज्ञांनींहि ती लौकर सोडली असें नाहीं.

लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञानें १९४३ सालीं बाल्टिमोर येथें तपासलेल्या अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. स्वमग्नता ही अवस्था त्या निबंधानें वैद्यकास परिचित झाली. त्याची नजर बारीक होती. धूळ ओढणारें यंत्र, वाहतें पाणी, गॅसची शेगडी, फार काय वाराहि यांपैकीं कांहीं मुलांस भयभीत करी. एक मूल तर तें यंत्र ठेवलेल्या कपाटाजवळहि जाईना. मात्र स्वतः केलेला गोंगाट अशा मुलांस खुशाल चाले. यावरून कॅनरनें ठरविलें कीं, भय आवाजाचें नसून एकांतावरील आक्रमणाचें आहे. निरीक्षण अचूक, पण अनुमान माझ्या मतें घाईचें. स्वतः करावयाच्या आवाजाची वर्दी मेंदूस आधींच असते. आपल्याच हातानें कोणास गुदगुल्या होतात काय?

त्याच निबंधांत आईबापांच्या थंडपणाचाहि उल्लेख होता. ब्रूनो बेटलहाइमनें १९६७ च्या ग्रंथांत या सुतावरून स्वर्ग गाठला, आणि पुष्कळ आया विनाकारण अपराधी ठरल्या.

याच सुमारास कॅलिफोर्नियांत जीन एअर्स या बाई निराळा प्रश्न विचारीत होत्या. त्वचा, सांधे आणि तोल सांभाळणारा अंतःकर्ण यांकडून येणारे संदेश मेंदूंत नीट जुळले नाहींत तर काय होईल? कोणास हलका स्पर्शहि सोसणार नाहीं. कोणास संवेदना अपुरी पडून तें मूल सारखें आदळत, गरगरत राहील. बाईंनीं ही मांडणी १९७२ सालीं ग्रंथरूपानें केली. उपचारांत झोक्यांस मानाचें स्थान होतें, हें मला विशेष आवडतें.

तिचें सर्वच मान्य झालें नाहीं. पुरावा तोकडा असल्यानें हें स्वतंत्र रोगनिदान समजूं नये, असें अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१२ सालीं सांगितलें. पुढच्याच वर्षीं तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेनें संवेदनांची अतितीव्र वा अतिमंद प्रतिक्रिया स्वमग्नतेच्या लक्षणांत घेतली. कपाटास भिणाऱ्या त्या मुलाची दाद ७० वर्षांनीं लागली. पण स्वमग्न नसूनहि झबल्यास भिणारीं मुलें पुष्कळ असतात. त्यांस त्या संहितेंत जागा मिळाली नाहीं. ती २०१६ सालीं, अगदीं लहान मुलांकरितां केलेल्या निराळ्या वर्गीकरणांत मिळाली.