पहिली संगणकभाषा : आधी प्रश्न शिकणाऱ्याचा

छोटी, उपयोगी आज्ञावली स्वतः रचता यावी म्हणून मुलांना पहिली संगणकभाषा कोणती शिकवावी, हा प्रश्न शिक्षकांसमोर नेहमी येतो. उत्तर देताना आपण बहुधा भाषांचीच तुलना करतो : कोणती वेगवान, कोणती नोकरीला उपयोगी. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजातल्या दोन गणितज्ञांनी मात्र आधी विचारले, ‘शिकणारा कोण?’

हे दोघे म्हणजे जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ. १९५० च्या दशकात डार्टमथजवळ मोठा संगणक नव्हता. कर्ट्झ भोके पाडलेली कार्डे पेटीत भरून आगगाडीने एमआयटीला नेत. तेथील जाणत्यांच्या सल्ल्यावरून त्यांनी एक आकडेमोड यंत्राला जवळच्या असेंब्ली भाषेत लिहिली. त्यामुळे संगणकाचा महागडा वेळ वाचेल, असा समज होता. महिने गेले, पण चुका संपेनात. शेवटी तेच काम त्यांनी फोरट्रान या भाषेत लिहिले आणि संगणकाच्या सुमारे पाच मिनिटांत उत्तर हाती आले. माणसाला सोपी असलेली भाषा यंत्राचाही वेळ वाचवू शकते, हा धडा कर्ट्झ विसरले नाहीत.

मग विद्यार्थ्यांना फोरट्रानच का शिकवू नये? डार्टमथचे बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानशाखेचे नव्हते. १ ते १० मधील विषम संख्यांसाठी फोरट्रानमध्ये ‘डू १०० आय = १, १०, २’ असे लिहावे लागे. यात शेवटची संख्या आधी की वाढ आधी, हे पाठच करावे लागे. नव्या भाषेत तेच ‘फॉर आय = १ टू १० स्टेप २’ असे झाले. इंग्रजी जाणणाऱ्याला ते वाचताक्षणी कळे. हीच ‘बेसिक’.

पण भाषा ही निम्मीच गोष्ट होती. कार्डांच्या पद्धतीत एक स्वल्पविराम चुकला, तरी ते कळायला कित्येक तास, कधी दिवसही लागे. म्हणून एकाच संगणकाचा वेळ अनेकांना आळीपाळीने वाटून देणारी व्यवस्था त्यांनी विद्यार्थ्यांच्याच मदतीने उभारली. १ मे १९६४ च्या पहाटे जनरल इलेक्ट्रिकच्या संगणकावर दोन टंकयंत्रांवरून बेसिकच्या आज्ञावल्या एकाच वेळी चालल्या. ग्रंथालयासारखा संगणकही सर्व विद्यार्थ्यांना खुला असावा, असा केमेनींचा आग्रह होता. चूक केली की काही क्षणांत ती समोर येई आणि लगेच सुधारता येई.

पुढे घरगुती संगणकांबरोबर बेसिक सर्वत्र पसरली. भारत सरकारने १९८४-८५ मध्ये सुरू केलेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो आले. हा संगणक सुरू करताच बेसिकच्या आज्ञा घेण्यास तयार असे.

या सोपेपणाची किंमतही होती. ‘गोटू’ या आज्ञेने कुठूनही कुठेही उडी मारता येई. दहा ओळींत ते खपे. दोनशे ओळींत मात्र स्वतःचीच आज्ञावली स्वतःला उलगडत नसे. बेसिकची सवय लागलेल्यांना चांगली रचना शिकवणे जवळजवळ अशक्य आहे, अशी कडक टीका डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये केली. शिस्तशीर रचना शिकवण्यासाठी निकलाउस विर्थ यांनी १९७० मध्ये पास्कल पुढे आणली होतीच. केमेनी आणि कर्ट्झ यांनीही १९८५ मध्ये ‘ट्रू बेसिक’ काढून ओळींच्या क्रमांकांची सक्ती हटवली.

आज अनेक ठिकाणी पहिली भाषा म्हणून पायथन शिकवतात. ती १९९१ मध्ये खुली झाली. तिचे कर्ते गिडो व्हान रॉसम यांनी त्याआधी नवशिक्यांसाठीच्या ‘एबीसी’ या भाषेवर काम केले होते. पण गंमत पाहा : १ ते १० मोजायला पायथनमध्ये ‘रेंज (१, ११)’ लिहावे लागते, कारण शेवटची संख्या धरली जात नाही. तेव्हा अडखळायची जागा प्रत्येक भाषेत असतेच.

म्हणून वर्गासाठी भाषा निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिल्याच तासात मुलाच्या हाती काही चालणारे येते का? चूक लगेच आणि समजेल अशी दिसते का? आज्ञावली वाढली तरी तिचे सुटे, नावे दिलेले भाग पाडता येतात का? पहिल्या दोन कसोट्यांवर बेसिक उतरली, तिसरीवर सुरुवातीला अडली. शिवाय विज्ञानाकडे न जाणारे मूलही त्या वर्गात बसलेले असते. बेसिक मुळात त्याच्यासाठी रचली गेली होती.