‘एकच प्याला’: नीतिकथा की रोगकथा?

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. वर्गात हे नाटक शिकवताना आपण सुधाकराचा अहंकार, सिंधूचे पातिव्रत्य आणि तळीरामाचा विनोद यांची चर्चा करतो. मद्याने माणसाच्या देहाचे काय होते, हा प्रश्न मात्र वैद्यकावर सोपवून मोकळे होतो. इतिहासाच्या अंगाने पाहिल्यास ही वाटणी टिकत नाही.

नाटकाच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८१९ साली, फ्रेंच वैद्य लेनेक याने यकृताच्या एका विकाराला त्याच्या पिवळसर रंगावरून ‘सिरोसिस’ हे नाव दिले. १८४९ मध्ये स्वीडनच्या माग्नुस हुस याने दीर्घ मद्यपानाने देह व मन यांवर होणाऱ्या परिणामांना ‘अल्कोहोलिझम’ या एका संज्ञेत गोवले. मद्यासक्ती हा दुर्गुण की रोग, या वादाला त्यामुळे नवी धार आली.

सुधाकर या वादाच्या ऐन मध्यावर उभा आहे. तो दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि अपमानाचा घाव बसताच पुन्हा प्याल्याकडे वळतो. नीतीच्या भाषेत हा निश्चयाचा पराभव. आजच्या वैद्यकाच्या भाषेत मात्र असे उलटणे या आजाराच्या स्वरूपातच असते. पुण्यात १९८६ साली अनिल व सुनंदा अवचट यांनी उभारलेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहण्याची हीच दृष्टी महाराष्ट्रात रुजवली.

तथापि सुधाकराला केवळ रुग्ण म्हणून सोडून देणेही आपल्याला परवडणारे नाही. नाटकातले मृत्यू मोजून पाहावेत. तळीराम आजाराने जातो, सुधाकर विषाने. पण सिंधू आणि तिचे तान्हे मूल यांनी प्याल्याला कधी ओठ लावलेला नसतो. मद्याच्या दुष्परिणामांची गणना पिणाऱ्याच्या यकृतापाशी थांबत नाही, हे गडकऱ्यांनी रंगमंचावर दाखवले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९८८ मध्ये मद्य कर्करोगकारक ठरवले आणि २०२३ मध्ये संघटनेने मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नसल्याचे सांगितले. म्हणून गडकऱ्यांना द्रष्टे ठरवण्याची घाई नको. त्यांचा ‘एकच’ आसक्तीच्या आरंभाविषयी आहे, पेशींविषयी नव्हे. नीतिकथा आणि रोगकथा हे दोन्ही अर्थ वेगळे राखून एकत्र वाचणे, हेच आपले काम.