घोषणेतील ‘सह’ आणि व्यंगचित्रातील रेषा

वेदाची आज्ञा प्रभूसारखी, पुराणेतिहासाचा उपदेश मित्रासारखा आणि काव्याचे मन वळविणे कांतेसारखे, हा मम्मटाचा भेद आपण वर्गात शिकवितो आणि परीक्षेपुरता पाठ करून घेतो. सीमाभागाच्या इतिहासाला तो लावून पाहण्याचे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. घोषणा आज्ञा करते, अग्रलेख मित्रत्वाने समजावतो, आणि व्यंगचित्र काहीच न मागता हसवून आपले म्हणणे मनात उतरविते. या तिन्ही साधनांनी बिदर-गुलबर्ग्याच्या मराठी माणसाचे काय केले, हे पाहण्याचा आमचा उद्देश आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. तेव्हाच्या बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात गेला. त्या काळात एक घोषणा महाराष्ट्रभर दुमदुमली : ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!’ येथे युक्तिवाद नाही. आहे ती केवळ नामावली. परंतु ओळीने उच्चारलेली नावे ऐकणाऱ्यास आपल्या घरची वाटू लागतात. ‘बिदर’ आणि ‘भालकी’ यांतील आद्य ओष्ठ्य वर्णांनी तिला ठेका दिला आहे, आणि साऱ्या मागणीचा भार ‘झालाच’मधील ‘च’ या एका अक्षराने पेलला आहे.

पण घोषणेच्या श्वासाला मर्यादा असते. औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, गुलबर्गा जिल्ह्यातील आळंद ही नावे तिच्यात मावली नाहीत. जी मावली ती ‘सह’ या शब्दयोगी अव्ययाच्या आश्रयाने, म्हणजे वाक्यात गौण स्थानी राहिली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. ‘च’ खरा ठरला. ‘सह’ राहून गेला.

अग्रलेखाच्या क्षेत्रात आचार्य अत्रे यांच्या लेखणीला तोड नव्हती. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांचा ‘मराठा’ सुरू झाला. ‘गेल्या दहा हजार वर्षांत असे झाले नाही’ ही त्यांच्या नावाशी जोडली गेलेली अतिशयोक्ती घ्या. ती शब्दशः खरी मानणारा वाचक क्वचितच असेल. ती अतिशयोक्ती आहे हे लेखकासही ठाऊक आणि वाचकासही ठाऊक. म्हणून तीत फसवणूक नाही, सलगी आहे. हा सुहृत्संमित उपदेशच होय, मग तो कितीही दणदणीत आवाजात केलेला असो.

व्यंगचित्राची रीत निराळी. ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये व्यंगचित्रकार म्हणून नावारूपास आलेल्या बाळ ठाकरे यांनी ‘मार्मिक’ साप्ताहिक काढले. १३ ऑगस्ट १९६० रोजी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते त्याचे प्रकाशन झाले. मुंबईतील कचेऱ्यांमधील दाक्षिणात्यांच्या नावांच्या याद्या त्यात ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली येत. येथेही युक्तिवाद नाही, नामावलीच आहे. मथळ्यातील विपरीत लक्षणा मात्र वाचकास स्वस्थ बसू देत नाही. घोषणेतील नामावली गावांना जवळ बोलावीत होती. ही नामावली माणसांना दूर लोटीत होती. साधन तेच, दिशा उलट. १९६६ साली शिवसेनेची स्थापना झाली आणि ‘लुंगी’ या एका वस्त्राने अवघ्या दक्षिणेचा बोध करून देणारी लक्षणा रस्त्यावर आली.

मुंबईच्या बेकार तरुणाचे दुःख खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, हे साधन सीमेवर आले की त्याचा अर्थ पालटतो. येथे चित्रातील ‘तो’ बाकावर शेजारी बसलेला विद्यार्थी असतो. मराठी व कानडी शेतकऱ्यांचे धोतर एकाच आठवडी बाजारातले असते. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी मराठीत आणि कानडीतही पदे रचली. गाणगापूरचे माहात्म्य ज्यामुळे महाराष्ट्राच्या घरोघर पोचले, त्या ‘गुरुचरित्रा’चे कर्ते सरस्वती गंगाधर हे कन्नडभाषकच मानले जातात.

याहून महत्त्वाचा विरोध तर्काचा आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही महाराष्ट्राच्या सीमाविषयक भूमिकेची चार तत्त्वे. तिचे सारे बळ गाव वेगळे मोजण्यात आहे. व्यंगचित्राचे बळ नेमके याच्या विरुद्ध, अनेकांना एका चेहऱ्यात कोंबण्यात आहे. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला. महाराष्ट्राने तो अमान्य केला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तेथे हवा असतो तो गावोगावचा पुरावा. ‘च’चा जोर अथवा रेषेचा फटकारा तेथे उपयोगी पडत नाही.

यास्तव अलंकार शिकविताना अतिशयोक्तीचे लक्षण सांगून थांबू नये, असे आम्ही आमच्या व्यवसायबंधूंस सुचवितो. एखादी घोषणा किंवा एखादे व्यंगचित्र फळ्यावर घ्यावे आणि मुलांना दोन प्रश्न विचारावेत : यात कोणाला जवळ बोलाविले आहे? आणि कोणाचे नाव गळाले आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर औराद, आळंद येथील मुलांना शिकवावे लागणार नाही.