पुण्याची महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा

सनदा, बखरी व ताम्रपट जमविणारा आमचा वर्ग विज्ञानाच्या कागदपत्रांकडे सहसा वळत नाहीं. परंतु सव्वाशें वर्षांमागील आकाशवेधांचीं टिपणें हींही आतां इतिहासाचीं अस्सल साधनें झालीं आहेत. सबब पुण्याच्या एका लुप्त वेधशाळेचा वृत्तान्त येथें देतों.

कावसजी दादाभाई नायगमवाला (1857–1938) हे मूळचे पदार्थविज्ञानाचे अध्यापक. ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत असतां 1882 मध्यें भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनीं रु. 5000 ची देणगी दिली, व तितकीच भर मुंबई सरकारनें घातली. 1884 मध्यें नायगमवाला विलायतेस गेले. तेथील ज्योतिर्विदांशीं झालेल्या विचारविनिमयांतून वर्णपटाच्या अभ्यासास वाहिलेली वेधशाळा काढण्याचें ठरलें. पुढें त्यांची नेमणूक पुण्याच्या सायन्स कॉलेजांत (पुढचें अभियांत्रिकी महाविद्यालय) झाली, तेव्हां वेधशाळाही त्यांच्यामागोमाग इकडे आली व 1888 मध्यें उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्याची 20 इंची परावर्ती दुर्बीण हें तिचें मुख्य यंत्र. एवढी मोठी दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत दुसरी नव्हती.

या दुर्बिणीनें झालेलें एक काम विशेष स्मरणीय आहे. तेजोमेघांच्या वर्णपटांत एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती उल्कांतील मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्ट्याची कड होय, असें नॉर्मन लॉकियर यांचें मत होतें; विल्यम हगिन्स यांस तें मान्य नव्हतें. आतां, पट्ट्याची कड असेल तर तिची एक बाजू रेखीव व दुसरी हळूहळू विरत जाणारी दिसावयास हवी. नायगमवालांनीं मृगांतील महातेजोमेघाचे वेध घेऊन 1891 मध्यें लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकांत कळविलें कीं, ही रेषा कोणत्याही परिस्थितींत दोन्ही बाजूंनीं रेखीवच दिसते. लॉकियर यांच्यासारख्या मातबर पंडिताच्या सिद्धान्ताविरुद्ध कॉलेजांतल्या एका अध्यापकानें दिलेली ही साक्ष! रेषेचें खरें मूळ 1927 मध्यें अमेरिकेंतील आयरा बोवेन यांनीं उलगडलें: दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या अणूची, अतिविरल वायूंतच उमटणारी ती खूण होय. मॅग्नेशियमचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं.

22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोंकणांतून वऱ्हाडाकडे गेला. लॉकियर विजयदुर्गास उतरले, मौंडर दांपत्य तळणीस, न्यूऑल पुलगांवास. सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर स्टेशनाजवळ अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांचा तळ पडला, आणि तेथेंच पुण्याची मंडळीही आपलीं यंत्रें घेऊन गेली. खग्रास स्थिति टिकली सुमारें 2 मिनिटें. तिचा नायगमवालांनीं लिहिलेला अहवाल मुंबईस छापून निघाला 1902 मध्यें, वेधशाळेच्या प्रकाशनांचा पहिला खंड म्हणून. घाईनें छापण्यापेक्षां उशीर बरा, हें मत इतिहाससंशोधकांस तरी पटावें.

येथें एका प्रचलित समजुतीची झडती घेणें भाग आहे. विजयदुर्गाच्या किल्ल्यांतील ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून, लॉकियर यांनीं हेलियमचा शोध तेथें लाविला असें सांगण्यांत येतें. सनावळी पाहतां हें टिकत नाहीं. 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणाचे वेध फ्रेंच ज्योतिषी जान्सेन यांनीं गुंटूरला घेतले. लॉकियर त्या वेळीं इंग्लंडांत होते, व सूर्याच्या कडेवरील तेजस्वी रेषा ग्रहणाविना त्यांनीं तेथेंच 20 ऑक्टोबरला पाहिल्या. कट्टे 1898 च्या मोहिमेचे आहेत आणि तेवढ्यानेंही जपण्याजोगे आहेत. तीस वर्षांमागील यश त्यांच्या पदरीं बांधण्याचें कारण नाहीं.

1912 मध्यें नायगमवाला सेवानिवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. एकाच माणसाच्या उमेदीवर उभ्या राहिलेल्या संस्थेचें बहुधा असेंच होतें. यंत्रें कोडाइकनालच्या सौरवेधशाळेंत गेलीं. मोठी दुर्बीण तिकडे ‘भावनगर दुर्बीण’ या नांवानें ओळखली गेली. त्यामुळें देणगीदाराचें नांव राहिलें, पुण्याचें गळालें. पुढें 1988 मध्यें, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनीं, येथें खगोलशास्त्राचें आंतरविद्यापीठीय केंद्र स्थापन झालें. हा योगायोग फारसा कोणी नोंदविलेला दिसत नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं 1902 च्या अहवालाची प्रत, जेऊरच्या तळाचीं छायाचित्रें किंवा सायन्स कॉलेजांतील तत्कालीन पत्रव्यवहार असेल, त्यांनीं त्याची नक्कल मंडळाच्या दप्तरीं पाठवावी.